पार्किंगमध्ये चार्जिंगला लावलेली ई-स्कूटर पेटली, तर भरपाई नेमकी कोणी द्यायची?

सह्यकडा

बॅटरीच्या आगीची बातमी आली की दोन दिवस आरडाओरडा होतो आणि मग सगळे शांत होते. २०२२च्या मार्च-एप्रिलमध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी स्कूटर पेटली, वेल्लोरमध्ये घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरमुळे बाप-लेकीचा जीव गेला, नाशिकला कंटेनरमधून चाललेल्या स्कूटर जळाल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात सिकंदराबादला हॉटेलखालच्या ई-स्कूटरच्या शोरूममध्ये आग लागली आणि वर उतरलेले ८ जण दगावले. त्यानंतर तपासणीचे नियम कडक झाले, हे खरे. पण नुकसान झालेल्या माणसाने कोणाच्या दारात जायचे, यावर मराठीत नीट चर्चा मला सापडली नाही.

चर्चा भरकटू नये म्हणून एक काल्पनिक प्रसंग समोर ठेवतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताशी २५ किलोमीटरवाली, बिननोंदणीची स्कूटर आहे. तिची मूळ लेड-ॲसिड बॅटरी काढून मालकाने स्थानिक दुकानातून लिथियमचा पॅक बसवून घेतला आहे. चार्जर जुनाच. रात्री चार्जिंग चालू असताना पॅक पेटतो, शेजारच्या तीन मोटारसायकली जळतात आणि पहिल्या मजल्यावरचे एक आजोबा धुरामुळे अतिदक्षता विभागात जातात.

यात मालक, दुकानदार, स्कूटर कंपनी, सेल आयात करणारा, सोसायटी आणि विमा कंपनी असे सहा जण आहेत. कोणाचे दायित्व किती? कृपया कलमासकट लिहा. "कायदाच नाही" हे उत्तर चालणार नाही, कारण कायदा आहे. तो कुठे पोचतो आणि कुठे पोचत नाही, हे बघायचे आहे.

कलम_८४

सुरुवात ग्राहक संरक्षण कायदा २०१९पासून करावी लागेल. त्यातले सहावे प्रकरण, कलम ८२ ते ८७, पूर्णपणे उत्पादन दायित्वावर आहे. १९८६च्या कायद्यात असे स्वतंत्र प्रकरण नव्हते.

कलम ८४ निर्मात्याचे. पाच कारणांपैकी एक सिद्ध झाले तरी पुरते: निर्मितीतला दोष, रचनेतला दोष, ठरलेल्या तपशिलापासून फारकत, दिलेल्या स्पष्ट हमीप्रमाणे वस्तू नसणे, आणि वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारा नसणे.

तुमच्या प्रसंगात सगळ्यात महत्त्वाची आहे "निर्माता" या शब्दाची व्याख्या, कलम २(३६). दुसऱ्यांनी बनवलेले भाग जोडणारा, दुसऱ्याच्या मालावर आपले नाव लावणारा, विक्रीआधी वस्तूची पुनर्निर्मिती करणारा, हे सगळे निर्मातेच आहेत. म्हणजे सुटे सेल आणून निकेलच्या पट्ट्यांनी स्पॉट वेल्डिंग करून पॅक बांधणारा दुकानदार "मी नुसता विक्रेता" असे म्हणू शकत नाही. तो त्या पॅकचा निर्माता आहे आणि कलम ८४ त्याला थेट लागू होते. पुष्कळ तक्रारींत दुकानदाराला नुसता विक्रेता म्हणून सामील करतात. मग विक्रेत्याच्या दायित्वाच्या कलम ८६च्या अटी सिद्ध करत बसावे लागते, आणि त्या जास्त अवघड आहेत.

तयार पॅक आणून विकणाऱ्यालाही सुटका नाही. कलम ८६(घ) म्हणते की निर्माता कोण ते कळत नसेल, किंवा कळूनही त्याला नोटीस बजावता येत नसेल, तो भारतीय कायद्याच्या कक्षेत नसेल किंवा त्याच्यावर आदेशाची अंमलबजावणी होऊ शकत नसेल, तर विक्रेता जबाबदार. परदेशातून आलेल्या बिननावाच्या पॅकसाठी हीच तरतूद कामाची.

मूळ स्कूटर कंपनी मात्र या प्रसंगातून बहुतेक बाहेर राहील. तिची बॅटरी गाडीत नव्हतीच. कलम ८७(१) प्रमाणे वस्तूत फेरफार किंवा गैरवापर झाला असेल, तर विक्रेत्याविरुद्ध दावा चालत नाही. शब्द बारकाईने वाचा. तिथे "विक्रेता" आहे, "निर्माता" नाही. पण स्वतःच विकणारा निर्माता विक्रेत्याच्या व्याख्येत बसतो, म्हणून कंपन्या हा बचाव घेतात.

तारयंत्र

कायद्याआधी पॅक का पेटला हे ठरवावे लागते, कारण कारण बदलले की जबाबदार माणूस बदलतो. सह्यकडा यांनी दिलेल्या प्रसंगात माझा पहिला संशय चार्जरवर जाईल.

आकडे बघा. ४८ व्होल्टचा एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) पॅक म्हणजे साधारण मालिकेत, एकापुढे एक जोडलेले १३ सेल. प्रत्येक सेल जास्तीत जास्त ४.२ व्होल्ट, म्हणून पूर्ण चार्ज ५४.६ व्होल्ट. तोच "४८ व्होल्ट" एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) रसायनात १६ सेलचा असला, तर प्रत्येकी ३.६५ धरून पूर्ण चार्ज ५८.४ व्होल्ट. जुन्या लेड-ॲसिड चार्जरचा शेवटचा टप्पाही ५८-५९च्या आसपास जातो. आता १३ सेलच्या एनएमसी पॅकला ५८.४ व्होल्टचा चार्जर लावला, तर प्रत्येक सेलवर जवळजवळ ४.४९ व्होल्ट येतात. हे सुरक्षित मर्यादेच्या खूप पलीकडे आहे. चार्जरचा प्लग बसतो, दिवा लागतो, गाडी चालते, म्हणून कोणाला शंका येत नाही. दोन्हींवर "४८ व्होल्ट" एवढेच छापलेले असते.

बीएमएसने, म्हणजे पॅकवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटने, अशा वेळी सेलमागे ४.२५ व्होल्टच्या आसपास चार्जिंग तोडायला हवे. ते तोडणारा भाग म्हणजे मॉस्फेट, एक इलेक्ट्रॉनिक स्विच. जास्त प्रवाहाने किंवा उष्णतेने मॉस्फेट निकामी होतो तेव्हा तो बहुधा शॉर्ट होतो, म्हणजे कायम चालू राहतो, उघडा पडत नाही. म्हणजे गाडी पूर्वीसारखीच चालते, संरक्षण मात्र गेलेले असते. त्यामुळे अनेक महिने रोज थोडे थोडे जादा चार्जिंग होत राहते आणि एका रात्री एक सेल जातो.

आतली क्रिया थोडक्यात अशी: सुमारे ८० ते १२० अंशांना ॲनोडवरचा (ऋण टोकावरचा) संरक्षक थर तुटू लागतो, १३० अंशांच्या आसपास दोन टोकांमधला पॉलिएथिलीनचा विलगक (पडदा) वितळतो, आणि एनएमसीमध्ये साधारण २०० अंशांच्या वर कॅथोडमधून (धन टोकातून) ऑक्सिजन सुटतो. म्हणून वाळू किंवा कापड टाकून ही आग गुदमरत नाही. एलएफपी यात अधिक सहनशील आहे, पण त्यातूनही ज्वलनशील वायू निघतो, आणि बंद पार्किंगमध्ये तो साठला तर भडका उडतो.

यावरून जबाबदारीची विभागणी अशी करता येईल. चार्जर चुकीचा आणि दुकानदाराने तसे सांगितलेच नाही, तर इशारा न दिल्याचा दोष. बीएमएसमध्ये तोडणीच नव्हती, तर रचनेतला दोष. वेगवेगळ्या क्षमतेचे किंवा वापरलेले सेल एकत्र बांधले, स्पॉट वेल्ड सुटला, पट्टीखाली इन्सुलेशनचा कागद नव्हता, तर निर्मितीतला दोष. पावसाचे पाणी शिरले, तर बांधणीची सीलबंदी आणि दिलेली हमी दोन्ही बघावे लागेल.

भैरवी

कलम_८४, एक सरळ प्रश्न. ज्यांच्या मोटारसायकली जळल्या ते शेजारी आणि ते आजोबा "ग्राहक" आहेत का? त्यांनी ना स्कूटर घेतली ना बॅटरी.

कलम_८४

नाहीत. या कायद्याची सर्वात मोठी उणीव हीच आहे.

कलम २(३४) मध्ये उत्पादन दायित्व म्हणजे "ग्राहकाला" झालेल्या हानीची भरपाई. तक्रार कोण करू शकतो ते कलम २(५) सांगते: ग्राहक, ग्राहक संघटना, सरकार, केंद्रीय प्राधिकरण, ग्राहक मयत असल्यास वारस, अल्पवयीन असल्यास पालक. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणारा ग्राहक धरला जातो, म्हणून मालकाची बायको किंवा मुलगा तक्रार करू शकतो. शेजारी नाही.

मालकाच्या बाबतीतही एक गोष्ट लक्षात ठेवा. "हानी"ची व्याख्या, कलम २(२२), खुद्द त्या वस्तूचे नुकसान वगळते. म्हणजे जळालेल्या पॅकची किंमत उत्पादन दायित्वाखाली मिळत नाही. ती "सदोष वस्तू" म्हणून वेगळी मागावी लागते. एकाच तक्रारीत दोन्ही मागण्या स्वतंत्र परिच्छेदात लिहा. एकत्र लिहिल्या की समोरचा वकील व्याख्येवर बोट ठेवून रक्कम कापून घेतो.

शेजाऱ्यांचा मार्ग दिवाणी न्यायालय. निष्काळजीपणाचा दावा, साधारण तीन वर्षांची मुदत. माणूस दगावला तर १८५५च्या प्राणघातक अपघात कायद्याखालच्या दाव्याला मात्र मृत्यूपासून दोनच वर्षे, हे पुष्कळ जण विसरतात. फरक खर्चातही आहे. ग्राहक आयोगात वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. दिवाणीत दाव्याच्या रकमेवर कोर्ट फी. मालक फुकट तक्रार करतो आणि ज्याचा काहीच दोष नाही तो शेजारी पैसे भरून दावा लावतो.

विमापत्र

मोटार वाहन कायद्याचा विषय अजून कोणी काढला नाही. नोंदणीकृत गाडी असती तर शेजाऱ्याची अवस्था इतकी वाईट नसती.

१ एप्रिल २०२२पासून कलम १६४ नव्या रूपात लागू आहे. मोटार वाहनाच्या वापरातून अपघात झाला तर मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख, कोणाचाही निष्काळजीपणा सिद्ध न करता. आजोबांच्या घरच्यांना मोटार अपघात न्यायाधिकरणात जाता आले असते आणि पैसे विमा कंपनीने दिले असते.

पण ताशी २५ किलोमीटरपर्यंत वेग, २५० वॅटपर्यंत मोटर आणि बॅटरी सोडून ६० किलोपर्यंत वजन असलेली गाडी केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे "मोटार वाहन" धरली जात नाही. त्यामुळे तिला नोंदणी, लायसन्स, त्रयस्थ (थर्ड-पार्टी) विमा काहीच नको, आणि कलम १६४ही तिला लागत नाही. सवलत वेग कमी आहे म्हणून दिली. आगीचा वेगाशी काही संबंध नाही. बॅटरीत दीड-दोन युनिट वीज साठवलेली असते, ती गाडी २५ने पळो की ६०ने.

शेजाऱ्यांच्या मोटारसायकलींबद्दल. ज्यांचा सर्वसमावेशक विमा आहे त्यांना आगीचे पैसे स्वतःच्या पॉलिसीतून मिळतील. नंतर ती कंपनी त्यांच्या वतीने दुकानदारावर किंवा मालकावर वसुलीचा दावा करू शकते. म्हणून दावा निकाली काढताना विमा कंपनी जे अधिकारपत्र सही करून घेते ते नीट वाचा. आणि तोवर दुकानदाराशी परस्पर तडजोड करून "आता काही येणे नाही" असे लिहून देऊ नका, कंपनीचा वसुलीचा हक्क बुडाला तर ती तुमचे पैसे अडवते. ज्यांनी नुसता त्रयस्थ विमा चालू ठेवला आहे, म्हणजे जुन्या गाड्यांचे बहुसंख्य मालक, त्यांना त्यातून रुपयाही मिळणार नाही.

भैरवी

पण गाडी तर उभी होती. "वापरातून" अपघात झाला असे नोंदणीकृत गाडीच्या बाबतीत तरी म्हणता येईल का?

कलम_८४

येईल, आणि याचा निवाडा आपल्याच महाराष्ट्रातल्या अपघातावर आहे. २९ ऑक्टोबर १९८७च्या पहाटे सातारा जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्गावर पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची धडक झाली. टँकर उलटून पेट्रोल गळत राहिले. जवळपास चार तासांनी स्फोट झाला आणि चाळीसहून अधिक माणसे गेली. विमा कंपनीचे म्हणणे होते की टँकर तेव्हा बंद पडलेला होता, त्यामुळे हा वाहनाचा वापर नव्हे. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने "शिवाजी दयानू पाटील" प्रकरणात ते फेटाळले. "वापर" या शब्दाला व्यापक अर्थ दिला आणि बंद किंवा उभे वाहनही त्यात धरले. तो निवाडा जुन्या कायद्यातल्या विनादोष भरपाईवर होता, तरी शब्दरचना तीच पुढे आली आहे. चार्जिंगला लावलेल्या नोंदणीकृत स्कूटरसाठी मी पहिला आधार हाच देईन.

ध्रुवतारा

मला मूळ दिशाच पटत नाही. दोष कुठला, चार्जर कोणाचा, सेल कोणाचे, हे सगळे शोधायची जबाबदारी जळालेल्या माणसावर का टाकायची? ओलियम वायूगळतीच्या एम. सी. मेहता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण दायित्वाचे तत्त्व सांगितले: धोकादायक उद्योग चालवून नफा कमावणाऱ्याने हानी झाली तर भरपाई द्यायची, कुठलाही अपवाद नाही. रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या जुन्या इंग्लिश खटल्यातले अपवादसुद्धा आपल्याकडे चालणार नाहीत, असे १९८६च्या डिसेंबरमध्येच स्पष्ट केले. ते तत्त्व बॅटरी उद्योगाला का लावू नये?

कलम_८४

काही ठिकाणी लावता येईल. शेकडो पॅक साठवणारे गोदाम, बॅटरी बदलून देणारे केंद्र, सिकंदराबादसारखे तळघरात साठा ठेवणारे शोरूम, इथे तो युक्तिवाद मी स्वतः करेन. तिथे धोकादायक वस्तू उद्योगाच्या ताब्यात आहे आणि तिथूनच हानी झाली.

पण विकून झालेली वस्तू ग्राहकाच्या ताब्यात गेल्यावर हे तत्त्व तसेच्या तसे लावणे कठीण. ते एखाद्या ठिकाणी चालणाऱ्या धोकादायक क्रियेबद्दल आहे. उद्या गॅसच्या प्रत्येक सिलिंडरलाही लावावे लागेल. शिवाय पूर्ण दायित्व लादले आणि दुकानदाराची मालमत्ता एक गाळा आणि वेल्डिंगचे मशीन एवढीच असली, तर हुकूमनामा हातात राहतो आणि वसुली होत नाही. सक्तीच्या विम्याशिवाय कडक दायित्वाला अर्थ नाही. भोपाळनंतर १९९१चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा याचसाठी आला.

ध्रुवतारा

विम्याचा मुद्दा मान्य. पण सिलिंडरचे उदाहरण माझ्याच बाजूने जाते. घरगुती सिलिंडरच्या अपघातासाठी तेल कंपन्यांचा सार्वजनिक दायित्व विमा असतो आणि कुटुंबाला वेगळा हप्ता भरावा लागत नाही. लिथियम पॅकला हे का नसावे? विक्रीच्या वेळी पॅकमागे ठरावीक रक्कम निधीत जमा करायची. दोष कोणाचा ते निधीने नंतर शोधावे आणि वसूल करावे. जखमी माणसाने वाट बघू नये.

माझा आग्रह दोषाचा शोध थांबवण्याचा नाही. भरपाई आधी आणि शोध नंतर, एवढाच आहे.

तारयंत्र

निधी चांगला, पण त्यात पैसे कोण भरणार? नोंदणीकृत कंपन्या भरतील. सुटे सेल आणून पॅक बांधणारा भरणार नाही, कारण त्याची कुठे नोंदच नाही.

तपासणीच्या नियमांतही हेच होते. एआयएस-१५६ या ई-दुचाकींच्या बॅटरी-सुरक्षेच्या मानकाची तिसरी सुधारणा दोन टप्प्यांत आली, १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३. तिने बरेच चांगले बदल केले: मायक्रोप्रोसेसरवर चालणारी बीएमएस, दाब सोडणारी झडप, सेलांमध्ये पुरेसे अंतर, एक सेल पेटल्यास आग पसरते का याची चाचणी, आधी आवाज आणि दिव्याचा इशारा, सेलवर वाचता येईल अशी निर्मितीची तारीख. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्था हे तपासतात.

पण ही तपासणी गाडीच्या मॉडेलची, मूळ पॅकसकट. तीन वर्षांनी तो पॅक उतरला आणि गल्लीतल्या दुकानातून दुसरा घातला, की त्या नव्या पॅकला कोणाच्याच दारातून जावे लागत नाही. जी हानी टाळायला नियम केला ती मागच्या दाराने परत येते. येत्या काही वर्षांत पहिल्या लाटेच्या स्कूटरच्या बॅटऱ्या बदलायला येणार आहेत, तेव्हा हा बाजार अनेक पटींनी वाढेल.

न्यूयॉर्क शहराने २०२३मध्ये दोन गोष्टी केल्या. प्रमाणित नसलेली ई-बाइक आणि बॅटरी विकायला, भाड्याने द्यायला बंदी, आणि वापरलेल्या बॅटऱ्यांतून काढलेले सेल जोडून नवा पॅक बांधून विकायला बंदी. दुसरी बंदी आपल्याला जास्त लागू आहे. लॅपटॉपमधून काढलेले सेल आपल्याकडे किलोच्या भावाने विकले जातात.

विमापत्र

गाडी परत मागवण्याच्या तरतुदीतही तेच भगदाड आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-अ प्रमाणे केंद्र सरकार सदोष गाड्या परत मागवायला लावू शकते, दंड १ कोटीपर्यंत. लागू कोणाला? मोटार वाहनांना. २५ किलोमीटरवाली गाडी आणि सुटा पॅक बाहेर.

त्यांच्यासाठी ग्राहक कायद्याचे कलम २० आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण धोकादायक वस्तू बाजारातून परत मागवण्याचा आणि पैसे परत देण्याचा आदेश काढू शकते. शेजारी ग्राहक नसला तरी प्राधिकरणाला माहिती कळवू शकतो. त्यातून त्याला भरपाई मिळणार नाही, पण त्याच दुकानाचे बाकीचे पॅक तरी थांबतील.

पंचनामा

एवढ्या कलमांची चर्चा झाली, पण ही प्रकरणे कायद्याअभावी कमी आणि पुराव्याअभावी जास्त पडतात. पॅक जळतो, सकाळी सोसायटी जागा धुऊन काढते, भंगारवाला सांगाडा उचलतो. मग कलम ८४ सिद्ध कशावर करणार? पहिल्या दोन दिवसांत काय करायचे ते लिहितो.

आग विझली म्हणून पॅक थंड झाला असे समजू नका. शाबूत राहिलेल्या सेलांत वीज असते आणि काही तासांनी, क्वचित दुसऱ्या दिवशीही, पुन्हा भडका उडतो. अग्निशमन दलाकडून सांगाडा उघड्यावर, इमारत आणि गाड्यांपासून १५ मीटर तरी लांब ठेवून घ्या. हलवण्याआधी फोटो आणि व्हिडिओ, त्यात बोर्डाचा सॉकेट, एक्स्टेंशनची वायर आणि भिंतीवरची काजळी येऊ द्या. काजळी कुठून सुरू झाली यावरून आग सॉकेटपासून की पॅकपासून, याचा अंदाज लागतो.

चार्जर जपा. तो पॅकपासून मीटरभर लांब असल्याने पुष्कळदा वाचतो, आणि सगळ्यात बोलका पुरावा तोच असतो. त्याला प्लगमध्ये घालून बघू नका. पोलिसांच्या पंचनाम्यात जप्त करून सीलबंद करून घ्या. नंतर प्रयोगशाळेत त्याचा बाहेर येणारा व्होल्टेज मोजला जाईल. तारयंत्र यांनी दिलेला ५४.६ आणि ५८.४चा फरक तिथेच उघडा पडतो. जळालेल्या पॅकमध्येही पोलादी डबे आणि पट्ट्या राहतात, त्यावरून मालिकेत किती सेल होते ते मोजता येते. मालिकेतली संख्या आणि चार्जरचा व्होल्टेज एवढ्या दोन आकड्यांवर निम्मा खटला उभा राहतो.

तांब्याचे वितळलेले मणी दिसले तर ते पुसू नका. तांबे १०८५ अंशांना वितळते. असे मणी कुठल्या जागी आहेत यावरून ठिणगी कुठे पडली ते तज्ज्ञ सांगू शकतो.

गाडी मोबाइल ॲपला जोडलेली असेल तर कंपनीच्या सर्व्हरवर बीएमएसच्या नोंदी असतात. पहिल्याच आठवड्यात ईमेल आणि रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवा: अमुक चासी क्रमांकाच्या मागील ९० दिवसांच्या सेल व्होल्टेज, तापमान, चार्जिंग आणि सॉफ्टवेअर बदलाच्या नोंदी जतन कराव्यात. नंतर आयोगापुढे त्या हजर करायला लावता येतात. इलेक्ट्रॉनिक नोंद दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चे प्रमाणपत्र लागते. त्याचे आता दोन भाग आहेत, एक नोंद सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि फाइलचे हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक क्रमांक) त्यात लिहावे लागते. ॲपचा नुसता स्क्रीनशॉट छापून जोडला तर आक्षेप येणार.

अग्निशमन दलाचा अहवाल मागा. कोणी जखमी असेल तर विद्युत निरीक्षकाला लेखी कळवा, वीज कायद्याच्या कलम १६१खाली चौकशी होऊ शकते. अहवालात नुसते "शॉर्ट सर्किट" लिहिले जाते आणि तो शब्द सगळे झाकून टाकतो. "शॉर्ट सर्किट नेमके कुठे, इमारतीच्या वायरिंगमध्ये की पॅकमध्ये" हा प्रश्न लेखी विचारा.

तक्रार दाखल करताना कलम ३८(२)(ग) खाली नमुना प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा अर्ज पहिल्याच तारखेला द्या. त्या अहवालाला कायद्यात ४५ दिवसांची मुदत आहे.

सह्यकडा

पंचनामा, हे सगळे नोटीस बोर्डावर लावण्याजोगे आहे. सोसायटीच्या दायित्वाबद्दल कोणीच लिहिले नाही.

कलम_८४

सोसायटीने चार्जिंग पॉइंट दिला म्हणून ती आपोआप जबाबदार ठरत नाही. धोका माहीत असून दुर्लक्ष केले तर ठरते. जिन्याखाली किंवा बाहेर पडायच्या एकमेव वाटेत चार्जिंग चालू दिले, पाच अँपिअरच्या सॉकेटवर एक्स्टेंशन लावलेली दिसत असून कमिटी गप्प राहिली, लेखी तक्रार आली आणि तिची नोंद घेतली नाही, अशा वेळी दिवाणी दाव्यात सोसायटी प्रतिवादी होईल आणि हरेलही. सरसकट बंदी घालणे हा मात्र उपाय नाही. मग लोक पॅक काढून घरात नेतात आणि दाराजवळ चार्ज करतात. त्यात आग लागली तर बाहेर पडायची वाटच बंद होते.

त्यापेक्षा स्वतंत्र सर्किट, त्यावर एमसीबी (जादा प्रवाह तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीजगळती झाल्यास तोडणारा स्विच), जिना आणि लिफ्टपासून लांबची उघड्यावरची जागा, आणि सर्वसाधारण सभेचा एक ठराव: बॅटरी बदलली तर पॅकचे बिल, रसायन, मालिकेतील सेलची संख्या आणि चार्जरचा व्होल्टेज कार्यालयात नोंदवायचा.

भैरवी

युरोपात सॉफ्टवेअरलाही उत्पादन मानले जाते असे वाचले. आपल्याकडे कंपनीने रात्री अपडेट पाठवले, त्यात चार्जिंगची मर्यादा बदलली आणि पॅक तापला, तर?

कलम_८४

तिथे आपण खरोखर मागे आहोत. युरोपीय संघाचा नवा उत्पादन दायित्व निर्देश, क्रमांक २०२४/२८५३, सदस्य देशांनी ९ डिसेंबर २०२६पर्यंत आपापल्या कायद्यात आणायचा आहे. त्यात सॉफ्टवेअर हे उत्पादनच आहे. विक्रीनंतरही अपडेटचा ताबा निर्मात्याकडे असेल तर त्यातून आलेल्या दोषाला तो जबाबदार. आणि मागितलेला पुरावा निर्मात्याने दिला नाही तर वस्तू सदोष होती असे गृहीत धरले जाते. संरक्षण नुसत्या खरेदीदाराला नाही, हानी झालेल्या कुठल्याही व्यक्तीला आहे. शेजाऱ्याचा प्रश्न तिथे पडतच नाही.

आपल्या कलम २(३३) मधली "उत्पादन"ची व्याख्या वायू, द्रव किंवा घन अवस्थेतली वस्तू म्हणते. गाडीत आधीच बसवलेले सॉफ्टवेअर गाडीचा भाग म्हणून ओढून आणता येईल. नंतर हवेतून आलेल्या अपडेटबद्दल मात्र वाद होणार. मी तिथे "सेवेतील त्रुटी" आणि कलम ८५ (सेवा देणाऱ्याचे दायित्व), दोन्ही पर्यायी लिहीन.

ध्रुवतारा

म्हणजे आपल्याला नवा कायदा नको, चार दुरुस्त्या हव्यात. मी मांडतो, तुम्ही कापा. एक, कलम २(३४) मध्ये "ग्राहकाला"ऐवजी "कोणत्याही व्यक्तीला". दोन, बीएमएसच्या नोंदी ठरावीक काळ जतन करण्याची सक्ती, आणि त्या दिल्या नाहीत तर दोष गृहीत. तीन, बदली पॅकला स्वतंत्र प्रमाणपत्र, वापरलेल्या सेलांच्या पॅकला रस्त्यावरच्या गाडीत बंदी. चार, २५ किलोमीटरवाल्या गाड्यांनाही त्रयस्थ विमा.

तारयंत्र

तिसऱ्यातला दुसरा भाग असा लिहू नका. वापरलेल्या सेलांना घरगुती सौर साठवणीसारख्या स्थिर, कमी प्रवाहाच्या कामात जागा आहे, आणि २०२२चे बॅटरी कचरा नियमही नूतनीकरणाला मान्यता देतात. बंदी फक्त वाहनांपुरती, आणि पॅकवर तसे छापणे सक्तीचे. प्रमाणपत्राचा खर्चही दुकानदाराला झेपला पाहिजे. प्रत्येक पॅकची चाचणी करायला सांगितली तर तो छुप्या धंद्यात जाईल. ठरावीक रचनेचे, ठरावीक बीएमएसचे चार-पाच नमुने संस्थेने मंजूर करावेत आणि दुकानदाराने त्याच रचनेत बांधून क्रमांक टाकावा. प्रत्येक नमुन्याच्या चार्जरचा प्लगही वेगळ्या आकाराचा करा, म्हणजे ५८.४ व्होल्टचा प्लग १३ सेलच्या पॅकमध्ये शिरणारच नाही. माझ्या मते या चारही दुरुस्त्यांपेक्षा जास्त आगी त्या प्लगने वाचतील.

विमापत्र

चौथ्याबद्दल. ही गाडी स्वस्त म्हणून डिलिव्हरीची मुले आणि शिकणारी पोरे घेतात, त्यांच्यावर पूर्ण मोटार विम्याचा हप्ता लादू नका. तुमच्याच आधीच्या निधीच्या कल्पनेप्रमाणे विक्रीच्या किमतीत पाच वर्षांचे फक्त आग-दायित्व धरा, अपघाताचे नाही. आणि भाड्याच्या गाडीत ते भाडे देणाऱ्या कंपनीवर टाका. कलम २(३७) प्रमाणे वस्तू भाडेपट्ट्याने देणाराही विक्रेत्यात मोडतो. अपवाद फक्त अशा मालकाला, ज्याला दोष तपासायची संधी नव्हती आणि देखभाल ज्याच्या हातात नाही. बॅटरी आणि देखभाल दोन्ही स्वतःकडे ठेवणाऱ्या कंपनीला तो अपवाद मिळत नाही.

सह्यकडा

या तिघांच्या दुरुस्त्या धरून मसुदा करायला घेतो. नियमांतला बदल परिवहन मंत्रालयाकडे आणि व्याख्येतला बदल ग्राहक व्यवहार विभागाकडे, असे दोन वेगळे अर्ज लागतील. कलम_८४, करारातल्या लवादाच्या कलमामुळे आयोगात जाता येत नाही असे काही कंपन्या सांगतात, त्यावर एक ओळ द्याल का? मसुद्याच्या जोडपत्रात टाकतो.

कलम_८४

ते खरे नाही. २०१८ साली एम्मार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की लवादाचे कलम असले तरी ग्राहकाचा आयोगाकडे जायचा हक्क राहतो. आयोगही तुमच्या राहत्या जिल्ह्यातला चालतो, कलम ३४(२)(घ). भरपाई कितीही मागा, वस्तूसाठी दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच. ही किमतीवरची विभागणी एप्रिल २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पेटलेल्या मोटारीच्याच प्रकरणात वैध ठरवली. मुदत दोन वर्षे, आणि ती आगीच्या तारखेपासून मोजा, कंपनीने उत्तर दिल्याच्या तारखेपासून नव्हे.

पंचनामा

जोडपत्रात चार्जरचा परिच्छेदही घ्या. आणि दुकानदाराचे पक्के बिल नसेल तर यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचे बोलणे आणि पॅकवरच्या स्टिकरचा जुना फोटो, यांवरही खरेदी सिद्ध होते, हे लिहा. पॅक घेतला त्याच दिवशी त्याच्या आणि चार्जरच्या लेबलचा फोटो काढून ठेवावा, आगीनंतर लेबल शिल्लक राहत नाही.